बाजूला काढलेले सहा पत्ते

३ फेब्रुवारी, बुधवार

दमले! वृद्धाश्रमातून घरी पोचते तर दारात धाकटी. पायरीवर बसलेली, पिशवी मांडीवर. "किती वेळ लावलास ताई, पाय आखडले माझे." कारखान्यातून अर्धी रजा टाकून आली म्हणे. या बाईने वीस वर्षांत दात दुखतो म्हणूनही रजा टाकलेली नाही. गणवेश शिवायच्या कारखान्यात कटिंगला आहे. आपण कात्री खाली ठेवली तर सगळ्या शाळा उघड्या पडतील असं तिला वाटतं.

चहा झाला. मग म्हणाली, "पत्ते बघ जरा. तब्येतीचं."

तब्येतीला काय धाड भरलीय?

"काही नाही गं. थकायला होतं. डॉक्टरकडे जाऊ का नको, तेवढं विचार."

खांद्यावरची पिशवी अजून उतरवलीही नव्हती मी. त्यातला टॅरो पत्त्यांचा कॅट काढला, तिला पिसायला दिला. तीन पत्ते काढले तिने. पेल्यांची नव्वी, सूर्य, तारा. याच्यापेक्षा चांगलं काय असतं! ताऱ्याच्या पत्त्यावर ती बाई तळ्याकाठी गुडघा टेकून दोन सुरयांतून पाणी ओतत असते, वर आठ चांदण्या. म्हटलं, "हे बघ, वादळ होऊन गेल्यावरची शांतता. तुला काही झालेलं नाही. झोप पुरी कर आणि वेळेवर जेव."

"म्हणजे डॉक्टर नको?"

"कशाला उगाच सुया टोचून घेतेस."

हसली. पत्ता हातात धरून बराच वेळ बघत बसली. जाताना मला मिठी मारली. हे काय नवीन! आम्ही मिठ्या मारणाऱ्यांतल्या नाही.

४ फेब्रुवारी

काल एक गोष्ट लिहिली नाही. इथे तरी खरं लिहावं.

माझ्याकडे दोन कॅट आहेत. घरचा भरलेला, अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचा. वृद्धाश्रमाचा बहात्तरांचा. त्यातले सहा मीच बाजूला काढलेत — मरण, बुरूज, सैतान, आणि तलवारींची तिर्री, नव्वी, दश्शी. दोन वर्षांपूर्वी तिथल्या स्टेशनमास्तरांनी पहिलाच पत्ता उचलला तो मरणाचा. काळ्या चिलखतातला सांगाडा, पांढरा घोडा. मी कानीकपाळी ओरडले, की मास्तर, याचा अर्थ मरण नाही, एक संपतं आणि दुसरं सुरू होतं एवढाच, मागे बघा, दोन बुरुजांच्या मधे सूर्य आहे! त्यांना सूर्य दिसेना. घोडाच दिसे. चार दिवस अन्नाला शिवले नाहीत. मग तिथल्या मोठ्या सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एक तर तुमचं येणं बंद करा, नाहीतर ते असले पत्ते बंद करा." मी पत्ते बंद केले. तेव्हापासून सगळे खूश आहेत. तिथे गोड बोलायलाच जायचं असतं, मला त्यात काही गैर वाटत नाही.

पण बाहेरच्या माणसाला त्या कॅटवर बघायचं नाही, हा माझा नियम. काल धाकटीला त्याच कॅटवर बघितलं. पहिला पत्ता उलटला तेव्हाच लक्षात आलं होतं. भरलेला कॅट आतल्या खोलीत, कपाटात. उठायचा कंटाळा केला. तारा आला तेव्हा वाटलं, आलाय चांगला तर कशाला मोडा.

कंटाळाच. दुसरं काही नाही.

११ मार्च

आज पाच जणं. मोबाईलवाला, दुसरं दुकान टाकू का. ब्युटी पार्लरवाली, नवरा बोलत नाही. एक नवीन मुलगी, नोकरी सोडू का. पत्ते पसरायच्या आधीच मला कळतं कोणाला काय ऐकायचंय. मोबाईलवाल्याने दुकानाचा बोर्डसुद्धा रंगवायला टाकलाय, वर मला विचारतो टाकू का! लोक भविष्य विचारायला येत नाहीत, परवानगी मागायला येतात. मी ती देते, नाहीतर जरा थांबा म्हणते. बहुतेक वेळा जरा थांबा.

एका कॉलेजातल्या मास्तरांनी आज अक्कल शिकवली. बायकोला सोडायला आले होते. "बाई, हे मुळात खेळायचे पत्ते. सहाशे वर्षांपूर्वी सरदारांच्या घरी डाव टाकायचे यांनी. भविष्य-बिविष्य तीनशे वर्षांनी कुणीतरी चिकटवलं." म्हटलं, मला माहीत आहे. ज्या बाईंकडे मी शिकले त्यांनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. त्या म्हणायच्या, पत्त्यात काही नसतं, पत्त्यासमोर बसलेल्या माणसात असतं, चित्र फक्त त्याला बोलतं करतं. मास्तरांनी घड्याळ बघितलं. बायको मात्र माझ्याकडे रागाने बघत होती. तिला पत्त्यांत काहीतरी असायला हवं होतं.

धाकटीलाही हवं असतं. तिचा विश्वास बसला तो तिची पोरगी, माझी भाची, सहा वर्षांची असताना बाजारात हरवली तेव्हा. सगळी रडारड. मी आपला हातांना चाळा म्हणून पत्ता काढला, पेल्यांचा एक्का आला, म्हटलं पाण्याजवळ बघा. पोरगी सार्वजनिक नळाखाली फ्रॉक भिजवत बसलेली! चुकून लागलेला नेम. पण त्या दिवसापासून माझी बहीण माझ्यापुढे लहान झाली ती झालीच. पडदे कुठल्या रंगाचे घेऊ इथपासून पत्ते विचारते.

२ मे

धाकटीचा फोन नाही. मी केला तर "सीझन आहे गं, शाळा उघडायच्या आधी उसंत नसते."

९ जून

जमेल तसं लिहिते.

सकाळी भाचीचा फोन. ती दुसऱ्या गावी शाळेत शिकवते, सुट्टीत आईकडे आली होती. आईला कपडे बदलताना बघितलं तिने. डाव्या बाजूला गाठ. लिंबाएवढी. तशीच रिक्षात घातली आणि मोठ्या हॉस्पिटलात नेली.

मी गेले तेव्हा धाकटी तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. हिरवा गाऊन, पायात स्वतःच्याच चपला. म्हटलं, कधीपासून आहे? "झाले की महिने." मला का नाही सांगितलंस? माझ्याकडे बघितलंच नाही तिने. भाची म्हणाली, "मी पण तेच विचारतेय, मावशी. म्हणते, ताईने पत्ते बघितले होते, तारा आला होता, डॉक्टर नको म्हणाली."

फेब्रुवारीत होती गाठ? होती.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पटपट बोलतात. पसरलंय. ऑपरेशन करायचं, मग पुढचे उपचार. "चार महिन्यांपूर्वी आणलं असतं तर मी तुम्हाला अगदी वेगळं काहीतरी सांगितलं असतं." त्यांना काय माहीत कोणासमोर बोलतायत! मी मान डोलवली. मान डोलवण्याची सवयच लागलीय मला.

१० जून

ते सहा पत्ते पाकिटातून काढून टेबलावर मांडले. बुरुजावर वीज पडलीय, दोन माणसं खाली डोकं वर पाय कोसळतायत. तलवारींची दश्शी — माणूस पालथा, पाठीत दहा तलवारी. यातला एक जरी त्या दिवशी आला असता तर मी म्हटलं असतं, उद्याच्या उद्या डॉक्टर. मी ओळखते मला. घाबरट आहे मी. म्हटलंच असतं.

आला असता की नाही कोण जाणे. पण येऊच शकत नव्हता. याची सोय मी केली होती.

दिवसभर जेवले नाही. दोघं-तिघं दार वाजवून गेले.

१४ जून

धाकटी ऑपरेशनला तयार नाही. घरी आणलंय. भिंतीकडे तोंड करून निजते आणि म्हणते, "आईचं बघितलंय ना आपण दोघींनी." बघितलंय. दोन वर्षं ट्यूबा आणि बादल्या, आणि शेवटी ओळखही नाही.

भाची माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. डोळे सुजलेले. तिचा पत्त्यांवर काडीचा विश्वास नाही, लहानपणी मला "पत्तेवाली मावशी" म्हणून चिडवायची. आज माझा हात धरून म्हणाली, "ती म्हणते पत्ते सांगतील तसं करीन. मावशी, तू काढ पत्ते. काहीही कर, पण हो म्हणायला लाव."

काहीही कर! मी घरी येऊन भरलेल्या कॅटचे पत्ते लावलेत. आयुष्यात पहिल्यांदा लबाडी. वरून तीन — सिंहाचा जबडा हाताने मिटवणारी बाई, रथ, सूर्य. पिसल्यासारखं करायचं, पिसायचं नाही. आरशासमोर दहा वेळा सराव केला.

लबाडी पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा.

१५ जून

सगळंच फिसकटलं. घडलं तसं लिहिते.

धाकटी उशीला टेकून बसली होती. मी कॅट काढला, पिसल्यासारखा केला, तर म्हणाली, "दे इकडे, माझे मी पिसते." आजारी असली तरी हात कारखान्यातलेच. माझे लावलेले पत्ते गेले कुठल्या कुठे. तीन काढले. बुरूज. तलवारींची तिर्री — एक लाल काळीज, त्यात तीन तलवारी आरपार, मागे पाऊस. तिसरा, मरण.



मी सुरू केलं. शिकवलेलं सगळं तोंडपाठ. बुरूज म्हणजे जे सडलंय ते पाडून टाकायचं, डॉक्टर तेच करणार. काळजातल्या तलवारी म्हणजे शस्त्रक्रिया, त्याशिवाय काय! आणि मरणाचा पत्ता म्हणजे मरण नव्हे गं—

"असले पत्ते तुझ्याकडे होते?" धाकटी म्हणाली. "त्या दिवशी का नव्हते?"

असं साधं विचारलं तिने. चहात साखर का नाही, असं. आणि माझ्याच्याने राहवलं नाही. सांगितलं सगळं. वृद्धाश्रम, स्टेशनमास्तर, बहात्तर पत्ते, उठायचा कंटाळा. म्हटलं, तुला चांगलंच येणार होतं, वाईट मी आधीच काढून ठेवलं होतं. मला मार, थोबाडीत दे. तिचे पाय धरले मी.

धाकटीने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

बोलली ती भाची. दारात उभी होती, हातात औषधाचा पेला. "म्हणजे तुला माहीत होतं? खोटे पत्ते आहेत हे तुला माहीत होतं, आणि तरी तू डॉक्टर नको म्हणालीस?" आईकडे वळली. "आई, ऐकलंस ना? तू चार महिने हिच्या भरवशावर बसलीस!"

धाकटीने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोंड उघडलं. मिटलं. मग कूस बदलून भिंतीकडे वळली आणि म्हणाली, "करू या ऑपरेशन. आता भांडू नका."

भाचीने मला दारापर्यंत सोडलंसुद्धा नाही.

२२ जून

साडेपाच तास. मी खाली, पार्किंगजवळच्या बाकावर. वर यायचं नाही असं भाचीने निरोप धाडला.

३० जून

मला काहीतरी झालंय. जो येईल त्याला मी पहिलं विचारते, डॉक्टरला दाखवलंत का? आज मोबाईलवाल्यालाही. तो बिचारा विचारत होता, नव्या दुकानाचं दार कोणत्या बाजूला ठेवू. म्हणाला, "बाई, दाराला काय दाखवायचं डॉक्टरला?" हसलो दोघं. मग मला हसू आवरेना आणि नंतर रडू आवरेना. तो पाणी देऊन, दार लोटून गेला.

८ जुलै

वृद्धाश्रमाला कळवलं, तब्येत बरी नाही. सिस्टर म्हणाल्या, "सगळे वाट बघतात हो तुमची." बघू दे.

२६ जुलै

भाची शाळेच्या कामाला दोन दिवस गावी गेली, म्हणून शेजारणीने मला बोलावलं. धाकटीपाशी पूर्ण दिवस मिळाला! केस गेले. डोकं लहान मुलीसारखं दिसतं. मऊ भात भरवला, चार घास खाल्ले. कारखान्यातल्या गमती सांगत होती — नव्या मॅनेजरने कॉलर उलट्या लावायला सांगितल्या, तीनशे शर्ट उसवावे लागले. हसताना दुखतं तिला, तरी हसली.

दुपारी म्हणाली, "ताई, तो गोड कॅट आणलायस?"

कुठला?

"म्हाताऱ्यांचा. बघ ना एकदा."

म्हटलं, तो मी मोडला. ते सहा पत्ते परत घातले. यापुढे तुझ्याशी खोटं बोलायचं नाही.

तर चिडली! या अवस्थेत चिडली. "तुझ्या खरेपणाचं मी काय करू? खरं सांगायला हॉस्पिटलात डॉक्टर आहेत. तू कशाला पाहिजेस त्याला?"

मी ऐकलं नाही. शिकले होते ना मी धडा! म्हटलं, नाही म्हणजे नाही. तिने डोळे मिटून घेतले. संध्याकाळी निघताना बोलली नाही माझ्याशी.

११ ऑगस्ट

भाचीला तीन वेळा फोन. उचलत नाही.

१९ ऑगस्ट

गोड कॅट पुन्हा लावला. सहा पत्ते काढून पाकिटात. पिशवीत टाकून हॉस्पिटलात गेले. अतिदक्षता विभाग, आत फक्त एकच जण, ती भाची. काचेतून बघितलं. नळ्यांत चेहरा दिसेना. पिशवी छातीशी धरून उभी राहिले आणि वॉर्डबॉय म्हणाला, आजी, बाजूला व्हा, ट्रॉली येतेय.

२३ ऑगस्ट

गेली. सकाळी पावणेसात.

१ सप्टेंबर

भाची आली होती. उंबऱ्याच्या आत आली नाही. शांत होती, तेच वाईट. वर्गात पोरांना सांगावं तसं सांगितलं. "मावशी, तू आईला मारलंस असं मी म्हणणार नाही. लोक म्हणतील, मी म्हणणार नाही. पण मला आता तुझ्याकडे यायला जमायचं नाही. तुझं तोंड बघितलं की मला ते चार महिने दिसतात."

म्हटलं, बरोबर आहे तुझं. सहा वर्षांची होती तेव्हा नळाखालून मीच उचलून आणलं होतं तिला, ओल्या फ्रॉकासकट. मला मूल नाही. होती ती एवढीच.

बाईंनी पत्ते शिकवले, आपल्या चुकीचं काय करायचं ते शिकवायच्या राहिल्या.

१७ सप्टेंबर

दारावरची पाटी काढली. चार स्क्रू, त्यातला एक गंजलेला, निघेना. पार्लरवाली खालून ओरडली, "अहो काढताय काय? माझा नवरा बोलायला लागला ना तुमच्यामुळे!" म्हटलं, माझ्यामुळे नाही, त्याचा घसा बसला असेल. दोन्ही कॅट जुन्या ट्रंकेत टाकले.

झोप नाही. एकच विचार. उठले असते तर. आतल्या खोलीपर्यंत गेले असते तर.

२ ऑक्टोबर

भाचीचा मेसेज. तीन ओळी. आईची खोली महिनाअखेर मालकाला परत द्यायचीय. तिला सुट्टी नाही आणि बघवतही नाही. "किल्ली शेजारी आहे. कपडे देऊन टाक. कागद सगळे गोळा करून मला पाठव." खाली नाव नाही, काही नाही. तरी मी मेसेज चार वेळा वाचला. मला काम सांगितलंय तिने.

५ ऑक्टोबर

कपाटाच्या तळाला, कापडाच्या तुकड्यांच्या गाठोड्याखाली एक पाकीट. त्या मोठ्या हॉस्पिटलाचं नाही, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका दवाखान्याचं. आत तपासणीचा अहवाल. धाकटीचं नाव, वय, गाठ, डावी बाजू, आणि तो आजार, स्पष्ट शब्दांत. खाली डॉक्टरने हाताने लिहिलेलं — ताबडतोब शस्त्रक्रिया सुचवली, दोनदा समजावलं, रुग्णाचा नकार. त्याच्याखाली तिची सही. तारीख १४ जानेवारी.

माझ्याकडे आली ती ३ फेब्रुवारीला.

आधी हायसं वाटलं. इतकं, की मी जमिनीवर बसले आणि मोठ्याने "देवा" म्हटलं. मग ती मिठी आठवली. आणि जुलैतली दुपार. सगळं माहीत असून दोनदा माझ्याकडे मागितलं तिने, बरं वाटेल असं एक वाक्य. दुसऱ्यांदा मी दिलं नाही.

आईनेच आधी उपचारांना नको म्हटलं, हे त्या पोरीला कळायला नको होतं धाकटीला. मावशीने फसवलं, हे तिला त्या मानाने सोपं वाटलं असेल.

बाकीचे कागद गठ्ठा बांधून आज भाचीला पाठवले. हा जाळला.